छत्तीस माणसांचा किल्ला : हार्लेक, कॉन्वी आणि वेढ्यातले दिवस

रानवाटा (धागाकर्ता)

हार्लेक हा वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा किल्ला. उभ्या कातळावर बांधलेला, चार कोपऱ्यांना चार जाडजूड गोल बुरूज. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर १२८३ मध्ये काम काढले, सहा-सात वर्षांत उरकले आणि त्यापायी आठ हजार पौंडांच्या वर रक्कम ओतली. एवढा खटाटोप करून आत शिबंदी किती ठेवली? एक किल्लेदार, ३० शिपाई (त्यातले १० क्रॉसबोवाले, म्हणजे कळ दाबून बाण सोडायचे आडवे धनुष्य वापरणारे), एक पाद्री, एक लोहार, एक सुतार, एक गवंडी. सगळी मिळून पस्तीस-छत्तीस डोकी.

पडद्यावरचा किल्ला बघून आपल्याला वाटते की तटावर खांद्याला खांदा लावून हजार-दोन हजार माणसे उभी असणार. एवढी माणसे आत कोंबली तर महिन्याभरात धान्य संपेल, विहीर तळाला जाईल आणि हगवण लागून निम्मे मरतील. म्हणून बांधणाऱ्याचा सगळा जोर माणसे कमी लागावीत यावर. आत उंच तट, बाहेर त्याला वेढणारा बुटका तट; बाहेरच्या तटावर कोणी चढलाच तर तो आतल्या तटावरून सरळ माऱ्यात. सगळ्यात भक्कम भाग म्हणजे दरवाजा. एकामागे एक जाड दरवाजे, मध्ये वरून खाली सोडायच्या लोखंडी टोकांच्या जाळ्या, आणि त्याच्याच वर किल्लेदाराचे राहते घर! म्हणजे दार कोणी फितवून उघडायचे म्हटले तर किल्लेदाराच्या पायाखालीच उघडावे लागणार. क्रॉसबो ताणायला वेळ खातो हे खरे, पण जंगीमागे (तटातल्या बाण सोडायच्या फटीमागे) बसलेल्याला घाई कसली?

दुसरी गोष्ट रसदेची. समुद्र तेव्हा कातळाच्या पायथ्याशी होता (आता पार लांब सरकला आहे, मध्ये वाळूच्या टेकड्या आहेत). पायथ्याला एक वेगळा दरवाजा आणि तिथून वर शंभराहून जास्त पायऱ्यांची तटबंद वाट. १२९४ मध्ये मॅडॉग या वेल्श सरदाराने बंड केले आणि जमिनीकडून वेढा पडला, तेव्हा आयर्लंडहून गलबतांनी सामान आले आणि हार्लेक तगला. त्याच हिवाळ्यात खुद्द एडवर्ड उत्तर वेल्समधल्या कॉन्वीच्या किल्ल्यात अडकला होता. नदीला पूर, निम्मी फौज पलीकडे. खाणे संपत आले, वाइनचे एकच लहानसे पिंप उरले. ते राजासाठी बाजूला ठेवले होते. राजाने ते सगळ्यांत वाटून टाकले, असे बखरकार सांगतो.

आणि हेच कॉन्वी पुढे पडले कसे, तेही ऐका. १ एप्रिल १४०१, गुड फ्रायडे. त्या वेळी शिबंदी चांगली १५ शिलेदार आणि ६० तिरंदाज. पण सगळे गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेले, किल्ल्यावर दोन पहारेकरी. दारात एक सुतार आला, कामावर आलोय म्हणाला. दार उघडले. रीस आणि ग्विलिम या बंडखोर वेल्श ट्यूडर भावांची चाळीसेक माणसे मागोमाग आत. आठ बुरुजांचा, पंधरा हजार पौंडांचा किल्ला एका सुताराने घेतला.

एवढ्यावर चर्चा सुरू करू. रोजचे जगणे, खाणे, वेढे, जे माहीत असेल ते लिहा.

लिमलेटची गोळी

वाचतेय. पण एक सांगा, वेढा नसताना ही पस्तीस माणसे दिवसभर करत काय होती? आणि राणीसाहेब, दासी, मेजवान्या वगैरे कुठे गेल्या?

रानवाटा

@लिमलेटची गोळी, मालक बहुतेक वेळा किल्ल्यावर नसतच. राजा काय किंवा मोठा सरदार काय, वर्षभर एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला फिरत असायचा. एका जागचे धान्य आणि वैरण खाऊन संपवायची की पुढचे ठिकाण. आणि तो निघाला की बिछाने, भिंतीवरचे पडदे, चांदीची भांडी, सगळे गाड्यांवर चढवून बरोबर. मागे उरायच्या ओल्या भिंती, रिकामी दालने आणि ही मूठभर माणसे.

त्यांचा दिवस कंटाळवाणा. पहारा बदलणे, गळकी छपरे बघणे, क्रॉसबोच्या दोऱ्या कोरड्या ठेवणे, लोहाराकडून बाणांची टोके करून घेणे. गावच्या बाजाराच्या दिवशी दारावर गर्दी, कोर्टाच्या दिवशी भांडणतंटे. कारण किल्ला म्हणजे कचेरी, तुरुंग आणि खजिना हे सगळे एकाच आवारात. माझ्या मते लढाई ही किल्ल्याच्या आयुष्यातली फार क्वचित येणारी गोष्ट होती.

मुदपाक

माझा आवडता विषय आला म्हणून लिहिते.

स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी मुख्य दिवाणखान्यापासून लांब किंवा सुटे असे, आगीच्या भीतीने. त्यामुळे मालकाच्या पानात गरम पदार्थ पडायची मारामार. शिपायाचे जेवण म्हणजे पाव, वाटाणे-घेवड्याचे दाट कालवण, खारवलेले डुकराचे मांस आणि एल. एल ही साधी बिअर, लहान मुलेसुद्धा पीत. ती टिकत नसे, आठवड्याच्या आत आंबून जायची, म्हणून गाळायचे काम सतत चालू, आणि ते बहुधा बायकांकडे.

आता उपासाचे दिवस. शुक्रवार नक्कीच, बरेचदा बुधवार-शनिवारही, आणि ईस्टरच्या आधीचे लेंटचे चाळीस दिवस मांस पूर्ण बंद. मग मासे. एलेनॉर द माँफर्ट या सरदारपत्नीच्या घरखर्चाची १२६५ ची वही शिल्लक आहे. लेंटमध्ये तिच्याकडे रोज शेकड्यांनी हेरिंग फस्त होत होते. नॉर्वेकडून वाळवलेला कॉड यायचा, तो आपल्या सुक्या बोंबलासारखा पण इतका टणक, की आधी लाकडी हातोड्याने बडवायचा आणि मगच भिजत घालायचा. चाळीस दिवस तेच खाल्ल्यावर ईस्टरला लोक का नाचायचे ते कळते!

त्याच वहीत दिसते की उन्हाळ्यात ती डोव्हरच्या किल्ल्यावर पोचली. ऑगस्टमध्ये ईव्हशॅमच्या लढाईत नवरा मेला, थोरला मुलगा मेला, आणि बाई डोव्हर धरून बसली. आपल्या माणसांना माफी मिळेल अशी बोलणी करून मगच तिने किल्ला सोडला आणि फ्रान्सला गेली.

तोफखाना

मस्त धागा. उकळत्या तेलाचा विषय अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटले, तर मीच काढतो. तेल महाग होते हो. इंग्लंड-वेल्समध्ये ऑलिव्ह उगवत नाही, आणि चरबी खायला, मेणबत्त्यांना लागायची. वरून टाकायला दगड फुकट, उकळते पाणी जवळपास फुकट, तापलेली वाळू चिलखताच्या फटीत शिरते. दरवाजाच्या छतातल्या भोकांतून हे सगळे टाकत, आणि दाराला आग लावली तर त्याच भोकांतून पाणी ओतून विझवत. दुसरा उपयोग कदाचित जास्त वेळा झाला असेल.

सरळसोट

@तोफखाना, बरं तेल नाही तर नाही. पण गोल जिने उजवीकडे वळत चढतात ते वरच्या माणसाला तलवार चालवता यावी म्हणून, हे तर शंभर ठिकाणी वाचलंय. गाइडसुद्धा सांगतात.

तोफखाना

गाइड सांगतात, कारण ऐकायला छान वाटते. हा सिद्धांत गाजवला थिओडोर कुक नावाच्या लेखकाने, तोही १९०२ मध्ये. मध्ययुगीन माणसाने असे लिहून ठेवलेले दाखवा. उलट्या वळणाचे जिनेही भरपूर सापडतात. बुरूज कोणत्या बाजूला, दार कुठे, यावर वळण ठरायचे. आणि मुळात शत्रू तुमच्या जिन्यात आला असेल तर किल्ला गेलेलाच आहे. त्या जिन्यात लढलेल्या लढायांची यादी करायला बसलात तर पान कोरे राहील.

सरळसोट

पटले असे म्हणत नाही, पण तूर्तास माघार. चिंचोळ्या जिन्यात वरच्याला फायदा असतो हे तर मानाल?

तोफखाना

वरच्याला फायदा असतोच. वळण कुठलेही असो.

वाळूसिमेंट

बांधकामाच्या धंद्यात असल्याने एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हार्लेक, कॉन्वी, कार्नार्व्हन, बोमारिस या सगळ्यांमागे एकच मुख्य मिस्त्री: सव्हॉयचा जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. बोमारिसच्या कामावरून फेब्रुवारी १२९६ मध्ये त्याने खजिन्याला पाठवलेले पत्र आजही उपलब्ध आहे. आठवड्याला २५० पौंड हवेत म्हणतो. कामावर ४०० गवंडी, २००० हलकी कामे करणारे, २०० खाणकामगार, ३० लोहार आणि सुतार. शिवाय १०० गाड्या, ६० छकडे, दगड-कोळसा आणायला ३० होड्या. मजुरी थकलीय, माणसांना खायला नाही म्हणून ती टिकत नाहीत. आणि वेल्सवाल्यांचा भरवसा काय, ते शेवटी वेल्सवाले, असा शेराही मारलाय. पत्र संपवून पुन्हा खाली ताजा कलम : देवाच्या नावाने सांगतो, पैसे लवकर पाठवा, नाहीतर आजवरचे सगळे पाण्यात.

सातशे वर्षांपूर्वीचा ठेकेदार थकलेल्या बिलासाठी सरकारदरबारी रडतोय. वाचून डोळे पाणावले! पैसे पुरेसे आले नाहीतच. एडवर्डचे लक्ष स्कॉटलंडकडे वळले आणि बोमारिस अर्धवट राहिला. आराखडा मात्र सगळ्यांत देखणा त्याचाच.

लिमलेटची गोळी

सगळे भारी लिहिताय, पण जो प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो तो मी विचारते. सकाळी जायचे कुठे?

कार्डिफकर

:) तटाच्या जाडीत काढलेल्या छोट्या खोल्या असत, दगडी किंवा लाकडी बैठक आणि खाली सरळ भोक. माल खंदकात, नदीत किंवा कातळावरून खाली. खंदकात साचलेले उपसायला वेगळी माणसे, रात्री काम करणारी, त्यांना मजुरी चांगली मिळायची. कॉन्वीत तर गावाच्या तटावर ओळीने १२ शौचकूप आहेत, भिंतीतून बाहेर काढलेली, राजाच्या कारभाऱ्यांसाठी केलेली. एका रांगेत बसून कचेरीचे काम चालत असेल का कोण जाणे.

इथे राहून हिवाळे काढलेत म्हणून सांगतो, खरा शत्रू गारठा. खिडकीला काच म्हणजे चैन. लाकडी झडपा लावल्या की थंडी अडते आणि उजेडही. भिंतींना आतून-बाहेरून चुना. आज दिसतो तो काळपट दगड तेव्हा पांढरा होता. लंडनच्या मोठ्या बुरुजाला १२४० मध्ये तिसऱ्या हेन्रीने चुना मारायला लावला आणि वर पन्हाळी लांब करायला सांगितली, पावसाच्या ओघळांनी रंग खराब होऊ नये म्हणून. राजा असला तरी रंगकामाची काळजी आपल्यासारखीच.

तोफखाना

आता एक खरा वेढा लिहितो, नाहीतर धागा मुदपाकखान्यातच संपेल (मुदपाकताई, हलके घ्या).

रॉचेस्टर, १२१५. जॉन राजाविरुद्ध सरदारांचे बंड, त्यांनी लंडनच्या वाटेवरचा हा किल्ला बळकावला. मधला चौकोनी मनोरा ३४ मीटर उंच. जॉन ऑक्टोबरात आला आणि कँटरबरीला हुकूम सोडला : गावातल्या लोहारांनी रात्रंदिवस कुदळी बनवून पाठवाव्यात. दगडफेकी यंत्रांनी काही होईना तेव्हा मनोऱ्याच्या पायाखाली सुरुंग खोदला. इथे सुरुंग म्हणजे दारू नव्हे, नुसते भुयार. वर भिंत, खाली तिला आधार देणारे लाकडी खांब. खांब जळले की भिंत खाली.

२५ नोव्हेंबरचा हुकूम : ४० डुकरे पाठवा, खूप लठ्ठ, पण खाण्याच्या कामाची नसलेली. त्या चरबीवर खांब पेटवले आणि मनोऱ्याचा एक कोपरा कोसळला. तरी आतले लोक हटेनात! मनोऱ्याच्या मधोमध आडवी भिंत होती, तिच्या मागे सरकून लढत राहिले. शेवटी घोडे खाऊन संपले आणि ३० नोव्हेंबरला शरण आले. जॉनला सगळ्यांना फासावर द्यायचे होते. त्याच्याच एका सेनानीने समजावले, उद्या आपला किल्ला पडला तर ते आपल्याला लटकवतील. मग एकच माणूस लटकवला, लहानपणापासून राजाच्या घरात वाढलेला क्रॉसबोवाला.

पडलेला कोपरा पुढे बांधला तो गोल. आज बघितलेत तर तीन चौकोनी आणि एक गोल कोपरा दिसेल.

रानवाटा

@तोफखाना, जबरदस्त. पण माझाच मुद्दा पक्का झाला बघा. भिंत पडूनही किल्ला पडला नाही, जेवण संपल्यावर पडला.

हार्लेकचेही तेच. इंग्रजांविरुद्धच्या ओवेन ग्लिंडूरच्या वेल्श उठावात वेढा पडला तेव्हाची आतल्या शस्त्रांची यादी आहे : तीन ढाली, आठ शिरस्त्राणे, सहा भाले, दहा हातमोज्यांचे जोड, चार तोफा. एवढ्यावर किल्ला लढवायचा. १४०४ मध्ये किल्ला गेला. पाच वर्षांनी इंग्रजांनी परत घेतला तेव्हा आत ग्लिंडूरची बायको आणि मुली सापडल्या. जावई एडमंड मॉर्टिमर वेढ्यातच मेला.

माजघर

बायकांचा विषय निघालाच आहे तर निकोला द ला हेचे नाव कोणी घेतले नाही? लिंकनच्या किल्ल्याची वारसाहक्काने किल्लेदार. ११९१ मध्ये नवरा बाहेर असताना तिने वेढा झेलला. पुढे विधवा झाल्यावर जॉन राजा आला तेव्हा किल्ल्याच्या चाव्या घेऊन सामोरी गेली, म्हणाली मी म्हातारी झाले, आता हे झेपत नाही. राजाने चाव्या तिच्याकडेच ठेवल्या. १२१६ मध्ये तिला परगण्याची शेरीफही (राजाची मुख्य कारभारी) केले. आणि १२१७ मध्ये फ्रेंच राजपुत्र लुईच्या फौजेने लिंकन शहर घेतले, तेव्हा साठी उलटलेली ही बाई किल्ल्यात टिकून राहिली, २० मे ला मदत येईपर्यंत. त्या लढाईने इंग्लंडची गादी लुईच्या हातून निसटली. कृतज्ञता म्हणून चारच दिवसांनी तिचे शेरीफपद काढून घेतले. ती भांडली तो भाग वेगळा.

चौकस

एवढे सगळे खरे, पण आपले राजगड-रायगड याच्यापुढे... आपल्याकडे हवालदार, सबनीस, सरनोबत असे तीन अधिकारी, एकट्याच्या हातात किल्ला द्यायचाच नाही. ही अक्कल इंग्रजांना होती का?

रानवाटा

@चौकस, प्रश्न चांगला आहे पण काळ चारशे वर्षांनी वेगळा, तोफा आलेल्या. वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे तुलना सुरू झाली की धाग्याचे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सरळसोट

मला एक विचारायचे आहे, थोडे गंभीर. वेढ्यात गावचे लोकही आत येत असतील ना? छत्तीस माणसांच्या हिशेबात ते कुठे बसतात?

माजघर

बसत नाहीत. शातो गायार वाचा. फ्रान्समधल्या सीन नदीवरचा, इंग्लंडच्या पहिल्या रिचर्ड राजाचा लाडका किल्ला, ११९६ ते ११९८ या दोन-अडीच वर्षांत बांधलेला. १२०३ मध्ये फ्रान्सचा दुसरा फिलिप चालून आला, तेव्हा खालच्या गावचे हजाराच्या वर लोक जीव वाचवायला आत शिरले. किल्लेदार रॉजर द लेसी. त्याने कोठाराचा हिशेब केला आणि या लोकांना बाहेर काढले. पहिल्या एक-दोन तुकड्या फ्रेंचांनी जाऊ दिल्या. मग फिलिपला कळले की आतली तोंडे कमी झाली की किल्ला जास्त दिवस टिकणार, आणि त्याने वाट बंद केली. मागे फिरले तर किल्ल्याचे दार बंद. भर हिवाळ्यात ते लोक दोन फौजांच्या मधल्या उतारावर गवत आणि पाला खात राहिले. शेवटी फिलिपने त्यांना अन्न देऊन सोडले, तोवर निम्मे मेले होते असे सांगतात. किल्ला ६ मार्च १२०४ ला पडलाच.

सरळसोट

म्हणजे लेसीने चूक केली. काढून टाकूनही किल्ला गेला.

तोफखाना

मदतीची फौज येईल या हिशेबाने त्याने केले. जॉनने एकदा नदीतून मदत पाठवून पाहिली, ती फसली. दुसऱ्यांदा कोणी आले नाही. लेसीच्या जागी बसून बघा : आत ठेवले असते तर सगळेच दोन-तीन महिन्यांत उपाशी.

माजघर

मग आत घेतलेच कशाला? दार उघडताना हिशेब करायचा होता. पहिल्या दिवशी दार लावून घेतले असते तर ते लोक फ्रेंच येण्याआधी रानावनात पांगले तरी असते. मला लेसीबद्दल काडीची सहानुभूती नाही, आणि फिलिपबद्दल त्याहून कमी.

मुदपाक

+१ माजघर. केनिलवर्थचेही असेच. १२६६ चा वेढा, सहा महिने, आत हजाराच्या वर माणसे. तळ्याने वेढलेला किल्ला, यंत्रे चालेनात, होड्या चालेनात. पोपच्या वकिलाने बाहेरून सगळ्यांना धर्माबाहेर टाकल्याचे जाहीर केले, तर आतल्या एका वैद्याने पांढरा झगा चढवून तटावरून उलट राजालाच धर्माबाहेर टाकले! डिसेंबरात मात्र धान्य संपले आणि रोगराईने गाठले, तेव्हा बाहेर आले.

लिमलेटची गोळी

वैद्यबुवांना दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणार आहोत, यातले काय बघू? मुले बरोबर आहेत.

कार्डिफकर

कॉन्वी घ्या, रेल्वे थेट तटाजवळ जाते. आधी गावाचा तट चाला, सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे, २१ बुरूज, तिकीट नाही. वर काही जिने अरुंद आणि उघडे आहेत, मुलांचे हात सोडू नका. ते १२ शौचकूप दक्षिण बाजूला, मिल गेटजवळ, बाहेरून जास्त नीट दिसतात. हार्लेकला वारा प्रचंड असतो, जुलैतसुद्धा जाकीट ठेवा.